धरणाखालील जलविसर्ग व मत्स्यसंवर्धन

धरणात साठविलेले पाणी खालच्या नदीपात्रात केव्हा, किती, कोणत्या खोलीवरून व कोणत्या गतीने सोडावे याचे नियमन, तसेच त्या पात्रात योग्य जातींचे मत्स्यबीज सोडून मत्स्यसंख्या टिकविणे वा वाढविणे, या दोन परस्परावलंबी कार्यांचा विचार या विषयात केला जातो. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने विसर्ग हा हिशेबाचा विषय असतो, तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या दृष्टीने बीज सोडणे हा कार्यक्रमाचा. माशाला मात्र ही विभागणी ठाऊक नसते. योग्य वेळी पाणी नसेल, तर सोडलेले बीज वाया जाते आणि पाणी असूनही चुकीच्या जातीचे बीज सोडले, तर नदीतील मूळच्या जाती मागे पडतात. पुणे जिल्ह्यातील पवना व इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे मावळ तालुक्यातील धरणांपासून पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यापर्यंत, या दोन्ही गोष्टींचा अनुभव आलेला आहे.

धरणामुळे पाण्यात होणारे बदल : वाहत्या नदीचे पाणी सतत ढवळले जात असल्याने तळापासून पृष्ठभागापर्यंत त्याचे तापमान व त्यातील विरघळलेला ऑक्सिजन यांत फारसा फरक पडत नाही. खोल जलाशयात मात्र उन्हाळ्यात पाण्याचे थर बनतात. वरचा थर उबदार व ऑक्सिजनयुक्त असतो. खालचा थर त्या मानाने थंड असून त्याचा हवेशी संबंध तुटलेला असतो. तळाशी साचलेला पालापाचोळा व बुडालेली झाडेझुडपे कुजताना तेथील ऑक्सिजन खर्ची पडतो आणि काही वेळा हायड्रोजन सल्फाइडही निर्माण होतो. धरणाचे निर्गमद्वार बहुधा तळाजवळ असते. त्यामुळे खाली सोडले जाणारे पाणी स्वच्छ दिसले, तरी ते माशांना गुदमरविणारे असू शकते. असे पाणी खडकाळ पात्रातून काही अंतर उसळत गेले, की त्यात पुन्हा ऑक्सिजन मिसळतो. हे अंतर पात्राच्या उतारावर अवलंबून असते. याच्या उलट, सांडव्यावरून मोठ्या उंचीवरून कोसळणाऱ्या पाण्यात हवा प्रमाणाबाहेर विरघळते व माशांच्या रक्तात वायूचे बुडबुडे होऊन ते दगावतात. पाणी जितके उबदार तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीस १०° से. तापमानाच्या संपृक्त पाण्यात लिटरमागे सु. ११·३ मिग्रॅ., २०° से. ला सु. ९·१ मिग्रॅ. आणि ३०° से. ला सु. ७·५ मिग्रॅ. ऑक्सिजन असतो. माशाची गरज मात्र तापमानाबरोबर वाढतच जाते.

गाळाचाही प्रश्न आहे. पुराबरोबर येणारा गाळ व वाळू जलाशयात अडकून राहतात. खाली जाणारे नितळ पाणी पात्रातील बारीक रेव हळूहळू वाहून नेते, पण तिची भरपाई होत नाही. रेवेवर अंडी घालणाऱ्या जातींच्या दृष्टीने हा बदल सावकाश होणारा असला, तरी तो कायमचा असतो.

ट्राउट व थंड विसर्ग : धरणाखालील मत्स्यसंवर्धनाची परंपरा प्रामुख्याने ट्राउट या थंड पाण्यातील माशाभोवती वाढली [→ ट्राउट]. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आर्कान्सॉ राज्यातील व्हाइट नदीवर बुल शोल्स धरण १९५१ साली पूर्ण झाले. तळातून सुटणाऱ्या थंड पाण्यामुळे नदीतील मूळचे उबदार पाण्यातील मासे तेथे तग धरीनासे झाले. त्याची भरपाई म्हणून संघराज्य शासनाने नॉर्फोर्क येथे १९५७ मध्ये मत्स्यबीज केंद्र काढून त्या पाण्यात इंद्रधनुषी व तपकिरी ट्राउट सोडण्यास सुरुवात केली. पुढे हे पट्टे गळाने मासेमारी करणाऱ्यांची पंढरीच ठरले. याच राज्यातील लिटल रेड नदीत एका धरणाखाली १९९२ साली १८ किग्रॅ.हून अधिक वजनाचा तपकिरी ट्राउट पकडला गेला.

हे यश एकांगी होते. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ पासून पाणी साठू लागले. पूर्वी ऋतुमानाप्रमाणे गोठणबिंदूजवळून २५° से.च्याही वर जाणारे नदीचे पाणी त्यानंतर बारमाही सु. ८ ते १२° से. एवढे थंड राहू लागले. धरणाच्या पायथ्याशी सोडलेला ट्राउट फोफावला, पण ग्रँड कॅन्यनमधील हंपबॅक चब यांसारख्या देशी जाती संकटात आल्या. १९९६ च्या वसंत ऋतूत तेथे सेकंदास सु. १,२७० घ.मी. इतका विसर्ग आठवडाभर सोडून कृत्रिम पूर आणण्यात आला. अडकलेली वाळू काठांवर पसरावी व नदीचे जुने रूप काही अंशी परत यावे, हा त्याचा हेतू होता. त्यानंतर २००३ पासून काही वर्षे देशी माशांच्या आश्रयस्थानाजवळचा ट्राउट पकडून काढण्याचीही मोहीम घेण्यात आली. एका पिढीने पैसे खर्चून सोडलेला मासा दुसऱ्या पिढीने पैसे खर्चून काढावा, असा हा प्रकार होय.

भारतात ट्राउट काश्मीरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि निलगिरीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी आणला गेला. महाराष्ट्रात त्याला जागा नाही आणि याचे कारण केवळ उन्हाळा हे नव्हे. इंद्रधनुषी ट्राउटला १० ते १८° से. तापमान मानवते आणि २५° से.च्या पुढे तो जगत नाही. खोल जलाशयाच्या तळाचे पाणी सर्वसाधारणपणे त्या स्थळी हिवाळ्यात पृष्ठजल जितके थंड होते, त्याहून थंड असू शकत नाही. समशीतोष्ण प्रदेशात हे तापमान ४° से.पर्यंत उतरते. समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवरील मावळात ते २०° से.च्या आसपासच थांबते. म्हणून सह्याद्रीतील धरणाच्या तळाचे पाणी ट्राउटच्या दृष्टीने पुरेसे थंड नसते आणि ऑक्सिजनच्या दृष्टीने वाईटच असते. सह्याद्रीच्या नद्यांत ट्राउटची जागा घेणारा, म्हणजे स्वच्छ, खळाळत्या पाण्याचा, गळाला झुंज देणारा व नदीच्या आरोग्याचा निदर्शक मानला जाणारा मासा म्हणजे महसीर होय.

पवना व इंद्रायणी : पवना नदी सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावून मावळातून पूर्वेकडे वाहते व चिंचवडवरून पुढे जाऊन दापोडीजवळ मुळेस मिळते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावून देहू, आळंदीवरून तुळापूर येथे भीमेस मिळते. दोन्ही खोऱ्यांत पावसाचे मान पूर्वेकडे झपाट्याने घटते. लोणावळ्यास वर्षाकाठी ४०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो, तर चिंचवड भागात तो सु. ७० सेंमी.च भरतो. म्हणजे पाणी माथ्यावर व गरज पायथ्याशी, अशी येथील स्थिती आहे. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये निघाला व १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर या भागाचे रूपच पालटले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची तहान मुख्यतः पवना धरणाने भागविली आहे. १९७२ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणाचा उपयुक्त साठा सु. २४१ द.ल.घ.मी. (सु. ८·५ अब्ज घनफूट) आहे.

या धरणाचे वैशिष्ट्य असे, की त्याचे पाणी शहरास कालव्याने वा नळाने न जाता दीर्घकाळ नदीनेच जात आले आहे. धरणाच्या पायथ्याचे जलविद्युत् केंद्र व निर्गमद्वार यांतून सोडलेले पाणी सु. ३५ किमी. वाहत जाऊन रावेत येथील बंधाऱ्यात अडते व तेथून महानगरपालिका ते उपसते. २०२० नंतरच्या काळात हा उपसा दररोज सु. ५०० द.ल.लि., म्हणजे सेकंदास सु. ५·८ घ.मी. इतका होता. वाटेतील गावांच्या उपसा सिंचन योजनाही याच पाण्यावर चालतात. परिणामी धरण ते रावेत या पट्ट्यात पवना भर उन्हाळ्यातही वाहती असते. सह्याद्रीतून निघणाऱ्या पूर्ववाहिनी नद्या एरवी मार्च-एप्रिलमध्ये डोहांपुरत्या उरतात. त्या दृष्टीने हा पट्टा धरणापूर्वीपेक्षाही अधिक पाणी असलेला आहे. रावेतच्या खाली मात्र चित्र एकदम पालटते. तेथे कोरड्या ऋतूत नदीत येते ते मुख्यतः शहराचे सांडपाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पवनेचा रावेत ते दापोडी आणि इंद्रायणीचा मोशी ते आळंदी हे पट्टे समाविष्ट होते. एकाच नदीचे दोन तुकडे, वरचा पाण्यावर जगणारा व खालचा पाण्यावाचून मरणारा, एका बंधाऱ्याने वेगळे झालेले येथे दिसतात.

इंद्रायणीची गोष्ट निराळी आहे. तिच्या अगदी माथ्यावरील वळवण तलावाचे पाणी टाटा जलविद्युत् योजनेसाठी पश्चिमेकडे वळवून घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात (१९१५) नेले जाते. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरीला व मुळेवरील मुळशी धरणाचे भिऱ्याला असेच उतरते. मुळशी धरणाविरुद्धचा सेनापती बापट यांचा सत्याग्रह सर्वश्रुत आहे. त्या लढ्याचा विषय बुडणारी जमीन हा होता, नदीचे हरपणारे पाणी हा नव्हे. घाटाखाली याचे उलटे परिणाम झाले. वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा व कुंडलिका या कोकणातील नद्यांना बारमाही प्रवाह लाभला. कुंडलिकेवर कोलाड येथे चालणारा रबरी होड्यांचा खेळ भिऱ्याच्या विसर्गाच्या वेळापत्रकावरच अवलंबून असतो. घाटमाथ्यावरची नदी जे पाणी गमावते, ते तिला परत मिळत नाही. इंद्रायणी पुढे जगते ती आंध्रा, कुंडली इ. उपनद्यांच्या पाण्यावर.

विसर्गाची वेळ व गती : नदीतील माशांचे वर्ष मृगाच्या पावसापासून सुरू होते. पहिल्या पुरांबरोबर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात आणि ओढ्या-नाल्यांत, उथळ रेताड जागी अंडी घालतात. या ‘चढणीच्या माशां’ची वाट मावळात व कोकणात आजही पाहिली जाते. पुराचा गढूळपणा, पाण्याचा थोडा गारवा व प्रवाहाचा जोर या तिहींच्या संयोगाने माशांना ही प्रेरणा मिळते. धरण नेमका हाच पूर अडविते. जून-जुलैमध्ये जलाशय रिकामा असतो. पडेल तो थेंब साठविणे हे जलाशय परिचालनाचे पहिले सूत्र असते व सांडव्यावरून पाणी जाऊ लागते ते बहुधा ऑगस्टमध्ये. तोवर प्रजननाचा बराच काळ निघून गेलेला असतो. धरणाखालील ओढे थोडाफार पूर आणतात, त्यामुळे नदी पूर्णपणे वांझ होत नाही, एवढेच.

यावर उपाय म्हणून जुलैमध्ये एक-दोन अल्पकालीन विसर्ग मुद्दाम सोडावे, असे सुचविले जाते. पवनेपुरता त्याचा हिशेब मांडता येतो. सेकंदास ३० घ.मी. (सु. १,०६० क्युसेक) प्रमाणे २४ तास पाणी सोडल्यास सु. २·६ द.ल.घ.मी. लागतात. उपयुक्त साठ्याच्या मानाने हे प्रमाण जेमतेम एक टक्का आहे. पण तेच पाणी शहराच्या सु. पाच दिवसांच्या गरजेइतके आहे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस लांबलेला व तलाव तळाला गेलेला असताना, पाच दिवसांचे पिण्याचे पाणी माशांसाठी सोडण्याचा निर्णय कोणताही अभियंता सहजासहजी घेणार नाही आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. जलाशयाचा साठा ठरावीक पातळीवर गेला व घाटात जोराचा पाऊस चालू असला, तरच हा विसर्ग सोडावा, अशी अट परिचालन सूचीत आधीच लिहून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. अशा वेळी रावेतचा बंधारा ओलांडून जाणाऱ्या पाण्याने खालच्या पट्ट्यातील घाणही धुतली जाते. म्हणजे एकाच पाण्याची दोन कामे होतात.

विसर्ग किती यापेक्षा तो किती वेगाने थांबविला, याने कित्येकदा जास्त नुकसान होते. वीजनिर्मितीसाठी वा सिंचनाच्या आवर्तनासाठी सोडलेले पाणी एकदम बंद केले, तर काठालगतच्या उथळ भागात आलेली पिले खळग्यांत व डबक्यांत अडकतात आणि दोन-तीन तासांच्या उन्हात अथवा बगळ्या-खंड्यांच्या चोचीत संपतात. पाण्याची पातळी ताशी सु. १० सेंमी.पेक्षा वेगाने उतरू देऊ नये, असा संकेत नॉर्वेसारख्या देशांतील अभ्यासांवरून रूढ झाला आहे. द्वारे टप्प्याटप्प्याने बंद करण्यास जादा पाणी फारसे लागत नाही. लागतो तो द्वारचालकाचा वेळ. सर्व उपायांत हा सर्वांत स्वस्त असूनही त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचाही येथे विचार केला पाहिजे. पावसाळा संपताना, ऑक्टोबरच्या सुमारास, या बंधाऱ्यांच्या गाळ्यांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडविले जाते व जूनपूर्वी ते काढावयाचे असतात. बर्गे वेळेवर निघाले, तर चढणीच्या माशांना वाट मोकळी मिळते. ते गाळात रुतून राहिले, तर बंधारा म्हणजे त्यांच्या दृष्टीने लहानसे धरणच होय.

महसीर व लोणावळ्याचे बीजकेंद्र : दख्खनचा महसीर (टॉर खुद्री) या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याने वापरलेला नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतून मिळालेला होता आणि जातीचे नाव त्याने स्थानिक मराठी नावावरून घेतले. जगातील शास्त्रग्रंथांत ज्या नदीचे नाव या माशाशी कायमचे जोडलेले आहे, त्या नदीच्या शहरातील पट्ट्यात तो आता आढळत नाही.

इंद्रायणीच्या काही डोहांत मात्र त्याला धर्मभावनेने आश्रय दिला. देहूच्या डोहातील मासे पवित्र मानले जात असल्याने तेथे मासेमारी होत नाही. तुकारामांच्या गाथेची कथा ज्या नदीशी निगडित आहे, तिच्या माशाला गळ लावणे भाविकांना रुचण्यासारखे नाही. अशी अभयस्थाने इतरत्रही आहेत. उदा., रायगड जिल्ह्यातील सावित्री नदीचा वाळण कोंड. परंतु भाविकांची श्रद्धा माशाला गळापासून वाचवू शकते, सांडपाण्यापासून नव्हे. देहूच्या पट्ट्यात मृत मासे तरंगताना आढळण्याचे प्रसंग घडले आहेत. पावसाळ्याच्या तोंडी अशा प्रसंगांचा धोका अधिक असतो. उन्हाळाभर तळाशी साचलेला सेंद्रिय गाळ पहिल्या लोंढ्याने ढवळला जातो, काठावरची घाणही त्यात येते आणि काही तासांत पाण्यातील ऑक्सिजन नाहीसा होतो. आषाढी व कार्तिकी वारीच्या वेळी वरच्या धरणांतून पाणी सोडून घाट स्वच्छ करण्याची प्रथा पडली आहे. हाच विसर्ग पहिल्या पावसाच्या वेळीही सोडला गेला, तर माशांना त्याचा लाभ होईल.

महसीराचे कृत्रिम प्रजनन प्रथम यशस्वी झाले ते याच खोऱ्यात. लोणावळ्यास वळवण तलावाकाठी टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यकेंद्रात सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास हे प्रयोग केले व पुढे एस्. एन्. ओगले यांच्यासह ते मोठ्या प्रमाणावर विकसित केले. पावसाळ्यात तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या मुखाशी जमणारे पक्व नर-मादी जाळ्याने पकडून, मादीचे पोट हलके दाबून अंडी काढणे व त्यांवर नराचे रेत मिसळणे, ही त्यांची पद्धत होती. कटला, रोहू, मृगळ या प्रमुख कार्प जातींसाठी हीरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये पोष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण देऊन प्रजनन घडवून आणण्याचे तंत्र सिद्ध केले होते [→ मत्स्योद्योग]. महसीराला मात्र तलावातच पक्वता येत असल्याने लोणावळ्यास त्याची गरज भासली नाही. फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूरवर पाठविता येतात, हेही या दोघांनी दाखवून दिले. या साध्या युक्तीमुळेच लोणावळ्याचे बीज देशाच्या अनेक राज्यांत पोहोचले.

महसीराच्या प्रजननातील काही बाबी जलविसर्गाशी थेट संबंधित आहेत. तो सर्व अंडी एकदम न घालता हंगामात टप्प्याटप्प्याने घालतो व त्याच्या अंड्यांची संख्या कार्प जातींच्या मानाने कमी असते. अंडी जड असून ती रेवेच्या फटींत जाऊन बसतात. रोहू-कटल्याची अंडी १५ ते २० तासांत फुटतात, तर महसीराच्या अंड्यांना अडीच ते चार दिवस लागतात. त्यानंतरही डिंभ सु. पाच-सहा दिवस गोट्यांच्या आडोशाने जवळजवळ निश्चल पडून असतात. म्हणजे आठ-दहा दिवस पाण्याची पातळी स्थिर राहावी लागते. ती खाली गेली, तर अंडी सुकतात. एकाएकी लोंढा आला, तर ती वाहून जातात किंवा गाळाखाली दबतात. केंद्रातील तबकांत हे दहा दिवस सुरक्षित जातात. नदीत त्यांची हमी धरणाच्या द्वारचालकावाचून कोणी देऊ शकत नाही.

बीज सोडणे : मत्स्यव्यवसायाच्या परिभाषेत अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलांना मत्स्यजिरे, त्यांहून मोठ्यांना मत्स्यबीज, अर्धबोटुकली व बोटाएवढ्या पिलांना बोटुकली म्हणतात. वाहत्या पाण्यात बोटुकलीपेक्षा लहान पिले सोडणे बहुधा व्यर्थ ठरते. पिशवीतील व नदीतील पाण्याचे तापमान सारखे व्हावे म्हणून पिशवी काही वेळ पाण्यावर तरंगत ठेवावी, पिले सकाळी वा संध्याकाळी सोडावी, सर्व एका जागी न सोडता काठाने विखरून सोडावी, हे नियम सर्वत्र पाळले जातात. वर पाणी सोडण्याचे आवर्तन केव्हा आहे, याची चौकशी करून तारीख ठरविणे हा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे.

कोणती जात सोडावी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रातील जलाशयांत सामान्यतः कटला, रोहू, मृगळ व सिप्रिनस यांचे बीज सोडले जाते व मच्छीमार सहकारी संस्थांची उपजीविका त्यावर चालते. यांपैकी पहिले तीन मूळचे गंगा खोऱ्यातील आणि चौथा परदेशी आहे. बंदिस्त जलाशयात उत्पादनाच्या दृष्टीने हे समर्थनीय असले, तरी सांडव्यावरून ते खालच्या नदीत उतरतातच. तिलापिया (उजनी परिसरातील ‘चिलापी’) कोणी न बोलावता पसरला व प्रदूषित पाण्यातही टिकला. आफ्रिकन मांगूर या मांसभक्षक माशाच्या संवर्धनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली.

देशी मासाही परक्या खोऱ्यात परकाच ठरतो, याचे उदाहरण लोणावळ्याच्या यशातच दडलेले आहे. येथील टॉर खुद्रीचे बीज १९७० नंतरच्या दशकांत कर्नाटकात कावेरी नदीत, गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांसाठी व संवर्धनाच्या सद्‌हेतूनेही, सोडण्यात आले. कावेरीत मूळचा निराळा, पाठीस उंचवटा असलेला प्रचंड महसीर होता. दख्खनच्या महसीराने काही दशकांत त्याची जागा व्यापली. मूळ जातीची शास्त्रीय ओळख, टॉर रेमादेवी, निश्चित झाली ती २०१८ मध्ये आणि त्याच सुमारास ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदविली गेली. एकेकाळी संकटग्रस्त गणलेला टॉर खुद्री मात्र अलीकडच्या मूल्यमापनात धोक्याच्या वर्गांतून बाहेर आला आहे. लोणावळ्यास उत्तरेकडील सोनेरी महसीराचे प्रजनन व दोन जातींचे संकरही करण्यात आले होते. प्रयोग म्हणून त्यांचे मोल आहे, परंतु असे बीज मोकळ्या नदीत सोडणे योग्य नाही. पवना-इंद्रायणीत सोडावयाचे महसीर भीमा खोऱ्यातील जनक माशांपासूनच घेतलेले असावे, असे कावेरीच्या अनुभवावरून म्हणता येते.

विसर्गाचा हक्क : राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांना व नंतर शेतीला अग्रक्रम होता. २०११ मध्ये हा क्रम बदलून शेती दुसऱ्या स्थानी आणण्यात आली. नदीच्या स्वतःच्या गरजेचे पाणी या स्पर्धेत शेवटी येते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नद्यांत कोरड्या हंगामातील सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के प्रवाह राखावा, असा निर्देश दिला. टेनंट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाण्यावर मासे केवळ तगून राहतात व चांगल्या स्थितीसाठी ३० टक्क्यांच्या आसपास पाणी लागते. हे निकष हिमवितळीच्या पाण्यावर वाहणाऱ्या, थंड प्रदेशातील नद्यांवरून बसविलेले असल्याने चार महिन्यांत वर्षाचे पाणी वाहणाऱ्या मावळातील नद्यांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे वार्षिक टक्केवारीपेक्षा महिनावार वेळापत्रक अधिक उपयोगी ठरेल.

पवनेच्या बाबतीत हा प्रश्न बंद जलवाहिनीच्या योजनेने तीव्र झाला. धरणापासून शहरापर्यंत सु. ३५ किमी. लांबीच्या नळातून थेट पाणी नेण्याची ही योजना महानगरपालिकेने २००८ च्या सुमारास हाती घेतली. नदीतून येताना पाणी वाया जाते व दूषित होते, हे तिचे समर्थन होते. नदी आटेल व काठचे उपसे बंद पडतील, या भीतीने मावळातील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले व योजनेचे काम एका तपाहून अधिक काळ रखडले. या वादात दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले, पण माशांचा उल्लेख क्वचितच झाला. वास्तविक शेतकऱ्याच्या पंपाला व महसीराच्या रेवेला लागणारे पाणी एकच आहे. दरम्यान शहराने इंद्रायणी खोऱ्याकडेही हात पसरला. आंध्रा धरणातून नदीत सोडलेले पाणी चाकण पट्ट्यालगतच्या निघोजे येथील बंधाऱ्यातून उपसून चिखली येथे शुद्ध करण्याची, दररोज १०० द.ल.लि. क्षमतेची योजना त्यासाठी उभारण्यात आली. या पाण्याची वाट नदीचीच असल्याने निघोज्यापर्यंत इंद्रायणीला तिचा आपोआप लाभ होतो. पवनेचे पाणी नळात गेले, तर असा आनुषंगिक लाभ तेथे उरणार नाही आणि धरण ते रावेत या पट्ट्यासाठी वेगळा विसर्ग परिचालन सूचीत महिनावार नोंदवावा लागेल.